बेटावरच्या सहलीत मोटार भाड्याने घ्यावी का?

दिवाळीत लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे लिलाव काही दिवस बंद असतात. निफाड तालुक्यातील व्यापारी कुटुंबांना सहकुटुंब बाहेर पडण्यासाठी तेवढाच काय तो अवधी मिळतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीचे दर्शन घ्यावे आणि मुलांना समुद्र दाखवावा, या हेतूने अनेक मराठी कुटुंबे अंदमानची निवड करतात. विमानाची तिकिटे निघतात, राहण्याची जागा ठरते आणि मग घरात एका प्रश्नावर दोन पक्ष पडतात: तेथे मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवावी, की चालकासह घ्यावी? तरुणांना मोकळीक हवी असते, तर ज्येष्ठांना परक्या मुलखातील जोखीम नको असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच निर्णय हौसेवर न सोडता हिशेबाने घ्यावा.

मोटार समुद्र ओलांडत नाही

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे सहा रात्रींसाठी निघाली आहेत. तीन रात्री श्रीविजयपुरम येथे, म्हणजे सप्टेंबर २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरमध्ये. दोन रात्री स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर. आणि एक रात्र शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर. पर्यटक ज्या खासगी जलद नौकांनी या बेटांवर जातात, त्यांतून माणसे आणि सामान जाते, मोटार जात नाही. सहा दिवसांची मोटार एकदम ठरवली, तर त्यांतील निम्मे दिवस ती धक्क्यावर उभी राहणार आणि भाडे मात्र चालू राहणार. बसून असलेल्या मालमत्तेवर व्याज भरण्यासारखाच हा प्रकार आहे.

श्रीविजयपुरममध्येही रोज मोटार लागत नाही. सेल्युलर जेल शहरातच आहे, तेथे रिक्षाने जाता येते. सुमारे २५ किलोमीटरवरील चिडिया टापूसाठी मात्र मोटार हवी. बाराटांगला जायचे तर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जावे लागते. १९५६ च्या नियमनाने हे क्षेत्र संरक्षित आहे. वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबण्यास, छायाचित्रे घेण्यास आणि आदिवासींना काही देण्यास मनाई आहे. पहाटे निघून हे नियम पाळत गाडी हाकण्याचे काम त्या वाटेवरच्या सरावलेल्या चालकाकडे असलेले बरे. स्वराज द्वीपावर धक्क्यापासून राधानगर किनारा सुमारे १२ किलोमीटर आहे; तेथे त्या दिवसापुरते वाहन ठरवले की पुरते. शहीद द्वीप इतके लहान आहे की सायकलही पुरेशी होते. थोडक्यात, सहा दिवसांपैकी मोटारीची खरी गरज दोन-तीन दिवसांचीच असते.

पाच वाजता मावळणारा सूर्य

आपल्या कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अंदमान निफाडच्या बरेच पूर्वेला असले तरी घड्याळ तेच आहे. दिवाळीच्या दिवसांत निफाडला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर अंदमानात पाचच्या सुमारासच. ज्यांच्या घरी चौविहाराचा नियम आहे, त्यांना चारच्या सुमारास जेवणास बसावे लागेल. राधानगर किंवा चिडिया टापूचा सूर्यास्त पाहायचा असेल, तर जेवण त्याआधी उरकावे लागेल किंवा डबा सोबत ठेवावा लागेल. म्हणून वाहन ठरवतानाच परतीची आणि जेवणाची वेळ चालकाला स्पष्ट सांगावी. ज्येष्ठांचा नियम मोडला, तर सहलीचा आनंद त्यांच्यापुरता तेथेच संपतो.

पाटीचा रंग आणि विम्याचा कागद

एवढे करूनही स्वतः चालवायचीच असेल, तर प्रथम वाहनाची क्रमांकाची पाटी पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली मोटारींसाठी १९८९ ची आणि दुचाकींसाठी १९९७ ची योजना आहे. स्वतः चालवण्यासाठी परवानगीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन ‘ओळखीचा माणूस स्वस्तात देतो’ म्हणून घेऊ नये. खासगी वापरासाठी विमा उतरवलेले वाहन भाड्याने दिलेले आढळल्यास विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. वाचलेले काही शे रुपये अशा वेळी फार महाग पडतात.

दुसरी बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाहनासोबतचा अनिवार्य वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालक-चालकासाठी असतो. भाड्याने घेऊन चालवणारा त्यात आपोआप येत नाही. त्याने स्वतःचा अपघात किंवा प्रवास विमा घ्यावा. नुकसानीचा किती भाग आपल्या माथी येईल, हे करारात वाचूनच सही करावी. ताबा घेताना वाहनाचे चारही बाजूंनी चित्रीकरण करावे, म्हणजे जुना ओरखडा आपल्या अनामत रकमेतून वजा होणार नाही.

स्वराज द्वीपावर स्कूटर सहज भाड्याने मिळते आणि घरातील तरुणांना तिचा मोह होतो. तथापि, केवळ मोटारीचा परवाना असेल तर त्यावर दुचाकी चालवता येत नाही. दुचाकीचा वर्ग परवान्यावर स्वतंत्र नमूद असावा लागतो. तो नसल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहेच. पण अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न त्याहून बिकट होतो. दिवाळीच्या सुमारास तेथे ईशान्य मोसमी पाऊसही असतो. ओला रस्ता, लवकर पडणारा अंधार आणि अनोळखी वळणे यांची तयारी नसेल, तर स्कूटरचा हट्ट सोडावा. चालवायचीच तर दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवे.

परदेशी बेटांवरही हेच

मुले अमेरिकेत असल्याने काही आईवडील त्यांच्यासोबत कॅरिबियन बेटांवर जातात. बार्बाडोस आणि जमैकात वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात, मार्टिनिक आणि ग्वादलूपमध्ये उजवीकडून. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर तर डावीकडून चालायचे, पण स्टिअरिंगही बहुधा डावीकडेच असते. बेट बदलले की नियम बदलतो. प्रश्न मात्र तेच राहतात. मोटार किती दिवस लागणार, परवाना चालेल का आणि अपघात झाल्यास भार कोणावर?

उदाहरणातील कुटुंबासाठी उत्तर सरळ आहे: दोन-तीन दिवस चालकासह सात आसनी वाहन, उरलेल्या दिवशी रिक्षा, सायकल आणि पायी फिरणे. यात मुलाचाही लाभ आहे. वर्षभर घर आणि दुकान यांचे सुकाणू त्याच्याच हाती असते. अंदमानात तो मागच्या आसनावर आईवडिलांशेजारी बसला, तर सहल त्याचीही होईल.