धुळीच्या वाटेवरचा फिल्टर

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. चंद्रपूरच्या कोळसा खाणींजवळ किंवा सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे त्या हवेत किती धूळ असते, हे इथल्या गाडीवाल्यांना वेगळे सांगायला नको.

जास्त ताकदीच्या आशेने काही जण मूळ कागदी फिल्टर काढून तेल लावलेला कापडी फिल्टर बसवतात. तेल जास्त झाले, की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसते. मोजमाप चुकते, गाडी धक्के खाते, ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. सेन्सर निदान साफ तरी करता येतो. खरा घात करते ती सैल बसलेल्या फिल्टरच्या फटीतून शिरलेली धूळ: पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन ऑइल पिऊ लागते.

या भागात कागदी फिल्टरच बरा. तो ठरलेल्या मुदतीआधीच उघडून बघा.