जुगाराचें व्यसन आणि न्यायासन

नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांत एखाद्या अडत दुकानावर बसणारा मुनीम कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. हिशेबाला चोख, वागण्यांत नेमस्त. पण त्याला आंकड्याचा नाद लागलेला. प्रथम पगार जातो, मग बायकोच्या अंगावरचें किडूकमिडूक जातें, आणि शेवटीं धन्याच्या तिजोरीला हात लागतो. ‘उद्यां जिंकून परत ठेवूं’ अशा समजुतीनें ती रक्कम उचललेली असते. तो उद्यां उजाडत नाहीं. फिर्याद होते आणि मुनीम आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. नोकरानें धन्याच्या पैशाचा अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेप्रमाणें सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण त्या कैदेनें धन्याचे पैसे परत येतात काय, आणि मुनिमाचा नाद तरी सुटतो काय?

जुगार खेळणारा प्रत्येक मनुष्य रोगी नव्हे. दिवाळींत हौसेनें पत्ते मांडून बसणारे दुसरे दिवशीं तें विसरून कामाला लागतात. रोग्याची गोष्ट निराळी. त्याला पूर्वीचा डाव पुरत नाहीं. रक्कम वाढवावी लागते. खेळ बंद केला तर तो चिडतो, त्याची झोंप उडते. हरलेलें भरून काढण्यासाठीं तो पुन्हां खेळतो आणि घरांत खोटें बोलतो. दारूच्या व्यसनाशीं हें साम्य इतकें जवळचें आहे कीं, अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या मंडळानें 1980 सालीं ह्या विकारास आपल्या सूचींत स्थान दिलें, आणि 2022 पासून अंमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत तो व्यसनांच्याच पंक्तीस बसविला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना ह्यांत फारसें नवल वाटणार नाहीं. न खेळण्याचा निश्चय करून फांशांचा आवाज ऐकतांच सभेकडे धांवणारा मनुष्य तेथें आहेच.

उपचारांत गूढ असें कांहीं नाहीं. 1972 मध्यें डॉ. रॉबर्ट कस्टर ह्यांनीं ओहायओ राज्यांतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जुगाऱ्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हांपासून पद्धति हळूहळू ठरत गेली आहे. मुख्य भर संभाषणावर. ‘इतके वेळां हरलों, आतां आपली पाळी आलीच’ ही समजूत रोग्याकडून गणितानें तपासून घ्यावयाची. मटक्याचेंच उदाहरण घ्या. दहा आंकड्यांपैकीं एकावर रुपया लावून तो आला तर रूढ दरानें नऊ रुपये मिळतात. म्हणजे दहाही आंकड्यांवर एकेक रुपया लावणारा दहा देऊन नऊ घेतो! चौथींतल्या मुलालाही कळावें असें हें गणित. पण नादांत तें दिसत नाहीं. ह्याच्या जोडीला पैशाचा कारभार कांहीं काळ पत्नीच्या हातीं देणें, कर्जाची यादी उघड करणें आणि कांहीं रोग्यांना औषध, असा क्रम असतो.

आतां कायद्याकडे वळूं. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा. अड्डा चालविणारा व अड्ड्यांत खेळतांना सापडलेला, दोघेही त्याच्या दृष्टीनें अपराधी. उलट, 2025 च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांविषयीं जो कायदा केला, त्यांत खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवलेली नाहीं. एकाच नादाला हे दोन न्याय! अड्ड्यांतला मजूर तेवढा गुन्हेगार, आणि हातांतल्या मोबाईलवर खेळणारा बळी, असा भेद करण्यास सबळ कारण दिसत नाहीं.

अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याचें 39 वें कलम ह्या बाबतींत पुढें गेलेलें आहे. थोड्या प्रमाणांतील पदार्थाबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसास, त्याच्या संमतीनें, सरकारी किंवा मान्य रुग्णालयांत उपचारासाठीं सोडतां येतें. जुगाऱ्यासाठीं असें कलम नाहीं. तथापि वाट अगदींच बंद नाहीं. 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या 4 थ्या कलमानें न्यायाधीश सद्वर्तनाचा जामीनकतबा घेऊन अपराध्यास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं सोडूं शकतात व अटी घालूं शकतात. 5 व्या कलमानें नुकसानभरपाई देववितात. मुनिमाला ही सवलत मिळूं शकेल. तोच अपहार सरकारी कारकुनानें केला तर मात्र नाहीं, कारण त्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि अशा अपराधांना 4 थें कलम लागत नाहीं.

‘मग प्रत्येक चोर जुगाराचें निमित्त सांगेल,’ हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यानें 2009 सालीं ह्यासाठीं कायदा केला, तेव्हां आरोपीची तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठेवली. ज्याचे पैसे गेले त्याची भरपाई करणें ही अट घातली. उपचार अर्धवट टाकणाऱ्यापुढें शिक्षा उभीच असते. ज्या गांवीं हप्ते बांधून दिले जातात, तेथें धन्याच्या पदरांत कांहीं तरी पडतें. कैदेंत बसलेला मुनीम त्याला काय देणार?

नंदुरबारांत खरी अडचण अंतराची आहे. धडगांव किंवा अक्कलकुवा भागांतील डोंगराळ पाड्यावरून दर आठवड्यास नंदुरबारला येणें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणें. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 ह्या क्रमांकावर घरबसल्या समुपदेशन मिळतें, आणि पहिल्या पावलास तें उपयोगी आहे. परंतु न्यायालयाला हजेरीचा लेखी पुरावा लागणार. तो तालुक्याच्या रुग्णालयांतच मिळूं लागला, आणि परिवीक्षा अधिकाऱ्यानें आपली भेटही त्याच बाजाराच्या दिवशीं ठेवली, तर मजुराचे दोन खाडे वांचतील.