‘सुपरफ्रूट’चा रस आणि अँटिऑक्सिडंटचे गणित

असाई, गोजी, नोनी, क्रॅनबेरी, ब्लूबेरी. काही वर्षांपूर्वी अपरिचित असलेली ही नावे आज देशातील औषधांच्या दुकानांत आणि मॉलमधील फळ्यांवर सर्रास दिसतात. या फळांच्या रसात अँटिऑक्सिडंट विपुल असल्याने हृदयविकार, मधुमेह, कर्करोग आणि वार्धक्य यांना आळा बसतो, असे जाहिरातींतून सांगितले जाते. ही फळे पौष्टिक आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद रसाबाबतचे अनेक दावे विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेले नाहीत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

शरीरात ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण होत असताना ‘फ्री रॅडिकल’ नावाचे अस्थिर रेणू तयार होतात. धूम्रपान आणि प्रदूषण यांमुळे त्यांत भर पडते. पेशींतील मेद, प्रथिने व डीएनए यांना हे रेणू इजा पोहोचवू शकतात. त्यांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटिन, तसेच फळांना लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

वार्धक्याचे मूळ फ्री रॅडिकलमध्ये असावे, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हारमन यांनी १९५६ साली मांडला. त्यातूनच ‘जितके अँटिऑक्सिडंट अधिक, तितके आरोग्य उत्तम’ ही समजूत रूढ झाली.

प्रयोगांचा अनपेक्षित निष्कर्ष

या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर मोठा प्रयोग करण्यात आला. १९९४ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी शास्त्रज्ञांना धक्का बसला. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगात हे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक दिसल्याने जानेवारी १९९६ मध्ये तो मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

फ्री रॅडिकल सर्वस्वी शत्रू नसतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जंतूंचा नाश करण्यासाठी पांढऱ्या रक्तपेशी त्यांचाच उपयोग करतात, तर पेशींमधील संदेशवहनातही त्यांची भूमिका असते.

परीक्षानळीतील आकडा

रसाच्या जाहिरातींत ‘ओरॅक’ या मापाचा वारंवार उल्लेख होत असे. एखादा पदार्थ परीक्षानळीत किती फ्री रॅडिकल शोषून घेतो, हे त्यावरून कळते. अमेरिकेच्या कृषी विभागाने विविध खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची यादी २००७ मध्ये प्रसिद्ध केली होती. मात्र परीक्षानळीतील आकड्यांवरून मानवी शरीरावरील परिणाम ठरवता येत नाही आणि कंपन्या या आकड्यांचा गैरवापर करीत आहेत, असे सांगून २०१२ मध्ये तिने ती मागे घेतली. फळांतील यांपैकी अनेक द्रव्ये आतड्यांतून अत्यल्प प्रमाणात शोषली जातात आणि शरीर त्यांचे झपाट्याने रूपांतर करून ती बाहेर टाकते.

जाहिरातींचा हा वाद न्यायालयातही गेला. डाळिंबाचा रस विकणाऱ्या ‘पॉम वंडरफुल’ या अमेरिकी कंपनीने हृदयविकार आणि प्रोस्टेट कर्करोगाबाबत केलेले दावे दिशाभूल करणारे असल्याचा निर्णय तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये दिला. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तो मुख्यतः कायम ठेवला.

अख्खे फळ आणि रस यांतील फरक

अख्ख्या फळांचा लाभ मात्र अधिक ठोसपणे दिसून आला आहे. अमेरिकेतील सुमारे १ लाख ८७ हजार व्यक्तींच्या दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद अख्खी खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी फरकाची दिशा सूचक आहे. रस काढताना चोथा निघून जातो आणि साखर उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रसातील साखरेचीही गणना मर्यादित ठेवावयाच्या साखरेत होते.

एक उल्लेखनीय अपवाद क्रॅनबेरीचा. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीच्या सेवनाने तो पुन्हा होण्याचा धोका कमी होतो, असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात नमूद आहे. परंतु त्याचे श्रेय अँटिऑक्सिडंट गुणधर्माला दिले जात नाही. या फळातील विशिष्ट द्रव्ये जिवाणूंना मूत्रमार्गाच्या आवरणाला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. झालेल्या संसर्गावर मात्र क्रॅनबेरी हा उपचार नव्हे.

कोणी सावध राहावे?

मधुमेहाच्या रुग्णांनी ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून रस घेऊ नये. नोनीच्या रसात पोटॅशियम लक्षणीय असते. मूत्रपिंड दुर्बल असलेल्या एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम या रसामुळे धोकादायक पातळीवर गेल्याची नोंद २००० सालच्या वैद्यकीय साहित्यात आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरीचा रस पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कोणत्याही रसासाठी चालू औषधे बंद करणे सर्वाधिक घातक ठरू शकते.

आपल्या परिसरातील फळे

ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा प्रांतात असाईचा गर साखर न घालता, मासे व कसाव्याच्या पिठासोबत रोजच्या जेवणात खाल्ला जातो. तेथे ते औषध नसून अन्न आहे. आपल्याकडेही अशा फळांची वाण नाही. ब्लूबेरीला रंग देणारी अँथोसायनिन जांभळात आणि कोकमातही आहेत. लडाखमधील सीबकथॉर्न ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध आहे आणि या जीवनसत्त्वाच्या बाबतीत आवळा संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. जांभूळ, करवंद, बोर, पेरू ही ऋतुमानानुसार मिळणारी फळे अख्खी खाल्ल्यास रंगद्रव्यांसोबत चोथाही पोटात जातो, शिवाय खर्चही कमी होतो.

कोणतेही एक फळ सर्व व्याधींवरील उतारा ठरत नाही. विविध रंगांची फळे आणि भाज्या यांचा नित्य आहार हाच आजवरच्या संशोधनाने पुष्टी दिलेला मार्ग आहे.