न निघालेला आदेश : प्राध्यापक, प्रशासन आणि चांगदेव पाटील

भालचंद्र नेमाडे यांचे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ व ‘झूल’ हे कादंबरीचतुष्टय १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झाले. त्यातील चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावचे महाविद्यालय सोडून दुसऱ्या गावी जात राहतो. या भटकंतीचा विचार बहुधा अस्तित्ववादाच्या व देशीयतेच्या अंगाने होतो. तिला सेवाशर्तींचीही एक बाजू आहे.

प्रशासनावर टीका करणाऱ्या प्राध्यापकाला कायद्याचा आधार नाही, असे नव्हे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मध्ये आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातही बडतर्फी, पदावनती इत्यादींविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची तरतूद आहे. परंतु अपिलासाठी आधी आदेश हवा. प्रत्यक्षात शिक्षा पुष्कळदा आदेशाविनाच होते. वेळापत्रक गैरसोयीचे होते, स्थाननिश्चितीची कागदपत्रे ‘तपासणीत’ राहतात, गोपनीय अहवालात एखादा मोघम शेरा पडतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या बाबतीत एवढेही करावे लागत नाही. पुढल्या जूनमध्ये त्याला बोलावले नाही, की झाले. जे केलेच नाही त्याविरुद्ध दाद कशी मागणार?

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी ही कोंडी अधिक घट्ट असणे स्वाभाविक आहे. विद्यापीठ दूर पुण्यात, जिल्ह्याचे ठिकाण नाशिकही हाकेच्या अंतरावर नाही. लहान गावात प्राचार्य, संस्थाचालक, घरमालक आणि पालक एकमेकांना ओळखून असतात. स्टाफरूममधला उद्गार संध्याकाळपर्यंत जायचा तेथे जातो. टीकाकाराची नोकरी आणि त्याचे गावातले राहणे यांत मग फारसे अंतर उरत नाही.

टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, तेव्हा सहकाऱ्यांशी असलेले मतभेद दीर्घ निवेदनात मांडले. तो दस्तऐवज आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. मात्र टिळक संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते आणि संस्थेबाहेर त्यांच्यासाठी ‘केसरी’ होता, हे विसरून चालणार नाही. चांगदेवाजवळ यांपैकी काहीच नाही. त्याच्या हाती उरते ते बिऱ्हाड हलविणे. ‘बिढार’ या शब्दाचा अर्थही बिऱ्हाड असाच.

अशा जाण्याची दप्तरी नोंद सहसा ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ एवढीच होते. कागदोपत्री तेथे तंटाही नसतो, तक्रारही नसते. महाविद्यालयीन सेवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला म्हणूनच दप्तराच्या जोडीने या कादंबऱ्या वाचाव्या लागतात.