मोजून आवळलेला नट
मालमोटारीचे चाक बदलल्यावर पान्याला लोखंडी नळी जोडून, तिच्यावर उभे राहून नट आवळण्याची रीत आपण पाहिली असेल. यात जोर असतो, माप नसते. नट सैल राहिला तर चाक निखळते. अति आवळला तर बोल्ट ताणला जाऊन पुढे वाटेत तुटतो. वरून पाहता दोन्ही दोष सहसा कळत नाहीत. यावर उपाय म्हणजे पीळ मोजून देणारा पाना, अर्थात टॉर्क रेंच.

तो घेण्यापूर्वी वाहनाची माहितीपुस्तिका उघडावी. लहान मोटारीच्या चाकाला शंभरेक न्यूटन-मीटर पीळ पुरतो; जड मालमोटारीस बहुधा ५०० ते ७०० लागतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाशी ६० किलोग्रॅम भार दिला, तर सुमारे ५९० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. आखूड पाना येथे का चालत नाही, हे यावरून ध्यानी येईल. आपल्याला हवा असलेला आकडा पान्याच्या मापपट्टीच्या टोकाशी नसावा, मधल्या भागात असावा.

समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि ‘खट्’ आवाज होताच थांबावे. या पान्याने नट सोडवू नये. काम संपल्यावर माप सर्वांत खालच्या खुणेवर आणावे, म्हणजे आतील स्प्रिंग टिकते. वर्षातून एकदा पाना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. देशातील मापनांची मूळ प्रमाणे जपणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीतच आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची मापे तिच्याच प्रमाणांशी जुळवलेली असतात.

आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा तपासण्यास विसरू नये.