ट्रॉलरचे इंजिन मिस मारते तेव्हा

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक ट्रॉलरवर सहा सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे डिझेल इंजिन असते. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला ३० वेळा इंधन पेटते. एकेका सिलिंडरच्या वाट्याला ५ वेळा. हे पेटणे सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने झाले, तरच इंजिन एका लयीत चालते.

लय बिघडण्याचे दोन प्रकार आहेत. फेरे आपोआप वरखाली होत राहिले, तर त्याला हंटिंग म्हणतात. अशा वेळी दोष बहुधा सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे इंधनपुरवठ्यात किंवा गव्हर्नरमध्ये असतो. ठोके ठरावीक अंतराने चुकत असतील, म्हणजे इंजिन मिस मारत असेल, तर एखाद्याच सिलिंडरवर संशय घ्यावा. हा फरक आधी ओळखला, तर निम्मी खोलाखोल वाचते.

तपासणी इंधनापासून सुरू करावी, कारण तिथले दोष सर्वाधिक आढळतात आणि स्वस्तात निघतात. पावसाळी बंदीत नौका उभी असताना अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साठते. म्हणून टाकीचे आणि फिल्टरचे पाणी प्रथम काढावे. फिल्टर तुंबला असेल, तर इंजिन रिकामे असताना नीट चालते आणि जाळे ओढताना दम टाकते. टाकीचा हवेचा नळ बंद झाला असेल, तर इंजिन काही वेळाने बसते आणि टाकीचे झाकण उघडताच सावरते.

हवा धरणे हा सर्वांत फसवा दोष. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिथला सांधा ढिला असला, तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. त्या नळीचा तुकडा काही वेळ पारदर्शक बसवला, की बुडबुडे दिसतात. दुसरा उपाय म्हणजे उंचावर ठेवलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट पुरवठा देणे. इंजिन सुधारले, तर दोष टाकी, नळी किंवा वगळलेल्या फिल्टरात आहे.

मिस मारणारा सिलिंडर शोधण्यासाठी जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतात. चांगल्या सिलिंडरचा नट सैल होताच फेरे पडतात. निकामी सिलिंडरचा केल्यास आवाजात फरक पडत नाही. उच्च दाबाची चिळकांडी त्वचेत घुसून गंभीर इजा करते, म्हणून नटावर फडके टाकावे आणि हात दूर ठेवावा. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि तपासणी स्कॅनरनेच करावी लागते.

सिलिंडर सापडला, की त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदलून पाहावा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला, तर नोझल दुरुस्तीला द्यावे. जागचा हलला नाही, तर टॅपेटचे अंतर, कॉम्प्रेशन आणि पंपाचा त्या सिलिंडरचा एलिमेंट तपासावा. धूरही साक्ष देतो: काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर वंगण जळते आहे, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे.

इंधन निर्दोष असूनही हंटिंग राहिले, तर गव्हर्नरचे सांधे आणि पंपाचा अडकणारा रॅक पाहावा. न्यूट्रलमध्ये इंजिन शांत आणि गिअर टाकताच थरथर, असे असेल तर पंख्यात अडकलेले जाळे, वाकलेले पाते किंवा शाफ्टचे बिघडलेले अलाइनमेंट शोधावे.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि दर वेळी इंजिन भार देऊन चालवून पाहावे. दोन भाग एकदम बदलले, तर दोष कोणता होता हे कळत नाही.