चहाच्या पत्तीतील विषांश

कृष्णपुऱ्यातील अनेक मराठी घरांत आम्ही सुटा चहा घेतो, तो सियागंजच्या बाजारातला. जाणती गृहिणी ओल्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती टाकून रंग सुटतो का ते पाहते, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीसही शोधते. या परीक्षा चांगल्याच. पण त्यांनी भेसळ कळते, मळ्यात फवारलेल्या कीटकनाशकाचा अंश कळत नाही. तो डोळ्यांस दिसत नाही आणि जिभेसही लागत नाही.

द्राक्षे आपण धुऊन खातो. चहाची पाने खुडल्यावर कोणी धूत नाही. ती चुरडून, आंबवून वाळवितात. सुमारे साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. काही विषांश उष्णतेने उडतो, उरलेला मात्र सुक्या पत्तीत दाट होऊन बसतो.

तो बाहेर काढणे हेच प्रयोगशाळेतील खरे कसब. दळलेली पत्ती पाण्यात भिजवून तीत ॲसिटोनायट्राइल हा द्रव घालतात व जोराने हलवितात. मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकले की पाणी खाली राहते, कीटकनाशक वरच्या द्रवात उतरते. २००३ साली प्रसिद्ध झालेली ही रीत आज जगभर रूढ आहे. अडचण अशी की, चहातील कॅफीन, हरितद्रव्य व तुरट द्रव्येही त्याच द्रवात येतात आणि यंत्राला चकवितात. हरितद्रव्य शोषण्यासाठी कोळशासारखी पूड वापरतात. ती जास्त पडली तर काही कीटकनाशकेही गिळून टाकते, आणि दोषी पत्ती निर्दोष ठरते! शुद्ध झालेला द्रव मग क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात जातो. तेथे घटक वेगळे होतात, त्यांच्या रेणूंचे वजन होते, आणि किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंतचे प्रमाण कळते.

२०१४ साली ग्रीनपीसने भारतातील ४९ नमुने तपासविले. ४६ मध्ये विषांश आढळला. चहा मंडळाने ते नमुने भारतीय नियमांत बसतात असे उत्तर दिले. आमच्या मते दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, कारण अंश सापडणे वेगळे आणि मर्यादा ओलांडणे वेगळे. शिवाय पत्तीतले सारे कपात येत नाही. शेतीत १९८९ पासून बंदी असलेले डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते चोथ्यातच राहते; इमिडाक्लोप्रिड मात्र सहज उतरते.

दुकानदाराकडे तपासणीचा अहवाल मागावा, हे खरे. पण सुट्या पुडीत अनेक मळ्यांची पत्ती मिसळलेली असते. अहवाल दाखविला तरी तो आपल्या पुडीतील पत्तीचाच आहे, हे कशावरून ठरवावे?